नेटवर्क बदलताना काय जोडावे आणि काय जोडू नये



पेढीवरचे संगणक मंद चालू लागले की आपण काय करतो? मागच्या वेळी ज्याने वायर टाकली होती त्याला फोन करतो. तो येतो, छताकडे पाहतो, चार वस्तूंची नावे कागदावर लिहितो आणि खाली रक्कम टाकतो. आपण रकमेवर घासाघीस करतो, थोडी कमी करून घेतो आणि फायदा झाला असे समजतो. कापडाच्या बाबतीत आपण असे कधी करतो का? ताका उलगडल्याशिवाय, पन्हा मोजल्याशिवाय आणि काच लावून पिक तपासल्याशिवाय आपण भावाचे नाव काढत नाही. मग ज्यात सारा हिशोब, उधारी आणि बँकेचा व्यवहार राहतो, त्या वस्तूची खरेदी डोळे मिटून का करावी?

आम्ही स्वतः ही चूक केली आणि तिची किंमतही मोजली. भिवंडीत आमचा सुताचा आणि कोऱ्या कापडाचा व्यवहार आहे. सूत मजुरीवर विणायला द्यायचे, कापड गोळा करायचे, तपासून पुढे प्रोसेसला पाठवायचे, असे कामाचे स्वरूप. अशा मध्यम पेढीला जे तजुर्बे आले, त्यांच्या आधारे नेटवर्क बदलण्यापूर्वी कोणता विचार करावा हे येथे मांडत आहोत. विचाराचे तीन भाग आहेत : गरज, धोका आणि नीती. क्रमही हाच ठेवावा. भाव चौथ्या क्रमांकावर येतो.

नेटवर्क म्हणजे काय?

आधी शब्द समजून घेऊ. पेढीतील संगणक, छपाईयंत्र, कॅमेरे आणि मोबाइल एकमेकांशी बोलू शकतील अशी जोडणी म्हणजे नेटवर्क. ज्या पेटीत सर्व वायरी येऊन मिळतात आणि जी एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवते ती स्विच. पेढीचे हे घरगुती जाळे बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी पेटी म्हणजे राऊटर. वायरशिवाय हवेतून होणारी जोडणी म्हणजे वायफाय. स्विच ही घराची ओसरी समजा आणि राऊटर हा रस्त्याकडचा दरवाजा. ओसरीवर गर्दी झाली असेल तर दरवाजा रुंद करून उपयोग नाही, आणि दरवाजा तुटला असेल तर ओसरी मोठी करून उपयोग नाही. पुष्कळ पैसा या दोन गोष्टींच्या गोंधळात वाया जातो.

गरज : आधी मोजा, मग घ्या

आमच्याकडे तक्रार अशी होती की गोदामातून चलन बनवायला फार वेळ लागतो. मेहताजी आकडा टाकत आणि पडद्याकडे पाहत बसत. बाहेर टेम्पो उभा, हमाल उभे. विक्रेत्याने सांगितले, इंटरनेटचा वेग दुप्पट करून घ्या. आम्ही घेतला. महिन्याचे बिल वाढले, चलनाला लागणारा वेळ तोच राहिला.

नंतर दुसऱ्या एका जाणकाराने अर्धा दिवस बसून मोजणी केली, तेव्हा कारण समजले. चलनाचा हिशोब पेढीतील मुख्य संगणकावर होता. गोदामातून पेढीपर्यंतचा हा निरोप इंटरनेटवर जातच नव्हता, तो आमच्याच वायरीतून जात होता. त्या एकाच वायरीतून गोदामातील १६ कॅमेऱ्यांची चित्रेही पेढीत ठेवलेल्या रेकॉर्डरकडे येत होती. एका कॅमेऱ्याला सेकंदाला साधारण ४ मेगाबिट धरले तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट झाले. स्विच जुनी, १०० मेगाबिटची. म्हणजे रस्त्याचा निम्म्याहून अधिक भाग रात्रंदिवस कॅमेऱ्यांनीच अडवलेला. त्यात वायर वळसे घेत १३० मीटरपर्यंत गेली होती आणि मध्ये दोन ठिकाणी जोड होते. अशा तांब्याच्या नेटवर्क वायरीची मर्यादा १०० मीटरची आहे. त्यापलीकडे निरोप तुटतो, पुन्हा पाठवावा लागतो आणि काम रखडते.

येथे मोजमापाची एक गोष्ट लक्षात ठेवावी. विक्रेता वेग सांगतो तो मेगाबिटमध्ये आणि आपण फाइल मोजतो ती मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. गज आणि मीटर यांत जसा घोटाळा होऊ नये, तसाच या दोहोंतही होऊ नये.

उपाय सोपा निघाला. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर गोदामातच, हवा खेळती राहील अशा जाळीच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला. पेढीपर्यंत काचेच्या तंतूची वायर, म्हणजे फायबर टाकली. तिला १०० मीटरची मर्यादा नाही आणि ती वीज वाहून नेत नसल्यामुळे विजेचा झटका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात नाही. दोन्ही टोकांना नवे स्विच बसवले. कॅमेऱ्यांची चित्रे दिवसभर पेढीत यावीत ही आमची गरजच नव्हती. नको तेथे जोडले होते, ते तोडले आणि काम सुरळीत झाले.

म्हणून विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. पहिली : कोणते काम, दिवसातल्या कोणत्या वेळी, किती रखडते. दुसरी : ते काम बंद पडले तर तासाला काय नुकसान होते. जीएसटी आल्यापासून, म्हणजे जुलै २०१७ पासून, आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीच्या पेढ्यांना ई-इन्व्हॉइस लागू झाल्यापासून, इंटरनेट बंद म्हणजे अनेकांची गाडी बंद. ज्यांचे असे आहे त्यांनी दुसऱ्या कंपनीची एक स्वस्त जोडणी राखीव ठेवावी. तिसरी : पुढील तीन वर्षांत माणसे आणि यंत्रे किती वाढतील. चौथी : कोणाला कोणत्या माहितीपर्यंत पोहोचण्याची खरोखर गरज आहे. हा चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि धोका व नीती दोन्ही त्यातच दडलेले असतात.

वीज आणि धूळ यांचाही विचार गरजेतच धरावा. आपल्या भागात कापसाची बारीक धूळ सगळीकडे उडते. ती पंख्याच्या पेटीत अडकली की यंत्र तापते. म्हणून गोदामात बिनपंख्याची स्विच घ्यावी आणि ती बंद पण हवेशीर पेटीत ठेवावी. राऊटर व मुख्य संगणकाला बॅटरीचा आधार द्यावा.

धोका : आमच्यावर आलेला प्रसंग

आता ती गोष्ट सांगतो जी सांगताना आजही संकोच वाटतो. २०१८ साली एका सकाळी मुख्य संगणक उघडला तर एकही हिशोब उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता की तुमच्या सर्व फाइलींना कुलूप लावले आहे, किल्ली हवी असल्यास बिटकॉइनमध्ये रक्कम भरा. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. आपल्या मराठीत सरळ खंडणी म्हणा. आम्ही निश्चिंत होतो, कारण हिशोबाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर रोज निघत होती. परंतु ती डिस्क त्याच संगणकाला कायमची जोडलेली होती. तिलाही कुलूप लागले होते.

चौकशीत दोन कारणे निघाली. घरून हिशोब पाहता यावा म्हणून आम्ही राऊटरमधून एक खिडकी इंटरनेटकडे उघडी ठेवली होती आणि तिचा पासवर्ड पेढीचे नाव व १२३ असा होता. दुसरे कारण याहून शरमेचे. संगणकातील विंडोज ही विकत घेतलेली नव्हती, चोरीची प्रत होती. बसवणाऱ्याने सांगितले होते की अपडेट बंद ठेवा, नाहीतर नकली असल्याचा निरोप पडद्यावर येईल. आम्ही ते मानले. अपडेट म्हणजे कंपनीने शोधलेल्या भोकांना लावलेली ठिगळे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्या भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते लावले ते त्या भोकातून होणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. काही हजार रुपये वाचवण्यासाठी आम्ही ठिगळे लावणे थांबवले आणि आपल्याच हाताने चोराला वाट करून दिली.

खंडणी आम्ही दिली नाही. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, आणि दिलेला पैसा पुढच्या पेढीवरच्या दरोड्याचे भांडवल होतो. मग हिशोब पुन्हा कसा उभा केला? विक्रीची बिले जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या विवरणांतून मिळाली. बँकेचे उतारे बँकेने दिले. पण कोणत्या विणकराकडे किती सूत गेले, किती कापड आले, कोणाची किती मजुरी बाकी, हे कोणत्याही पोर्टलवर नव्हते. ते फक्त विणकरांच्या जवळच्या छोट्या वह्यांत होते. आम्ही एकेकाच्या दारी गेलो आणि सांगितले की आमच्याकडे काही उरलेले नाही, तुमच्या वहीत असेल तेच खरे.

त्या वेळी कोणीही आकडा फिरवू शकला असता. एका विणकराने वही उघडून दाखवली. तिच्यात आमचे सुताचे सहा बाचके त्याच्याकडे शिल्लक असल्याची नोंद होती. त्याने ती नोंद झाकून ठेवली असती तर आम्हाला मरेपर्यंत कळले नसते. दुसऱ्या एकाच्या वहीवरून दिसले की त्याची मजुरी आमच्या आठवणीपेक्षा अधिक होती. ती आम्ही चुकती केली. तीन आठवड्यांत हिशोब पुन्हा उभा राहिला, तो यंत्राच्या नव्हे, त्या वह्यांच्या आणि त्या माणसांच्या इमानाच्या बळावर.

मोठ्यांचेही असेच

ही फक्त छोट्या पेढीची गोष्ट नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला. जहाज वाहतुकीची बडी कंपनी मर्स्क हिच्या तेथील कार्यालयात ते सॉफ्टवेअर होते. तेथून तो कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला, कारण सगळे सगळ्यांशी जोडलेले होते. आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीने सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने बसवले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

त्यातली एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जगभरच्या कर्मचाऱ्यांची व संगणकांची ओळख ज्या सर्व्हरवर होती, त्याच्या प्रती ठिकठिकाणी होत्या आणि त्या सर्व नष्ट झाल्या. फक्त घाना देशातील एक वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि ती जाळ्यापासून तुटलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला घानाच्या त्या प्रतीने तारले, आम्हाला विणकरांच्या वह्यांनी. जे जोडलेले नव्हते तेच वाचले.

धोका कमी करण्याचे उपाय

यावरून जे नियम आम्ही पाळतो ते असे.

हिशोबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक पेढीबाहेर ठेवावी. किमान एक प्रत संगणकाला जोडलेली नसावी. आम्ही दोन डिस्क आलटून पालटून वापरतो. एक जोडलेली असते तेव्हा दुसरी घरच्या कपाटात असते. महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या संगणकावर उघडून पाहतो. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे समजू नये.

जाळ्याचे भाग पाडावेत. हिशोबाचे संगणक एका भागात, कॅमेरे दुसऱ्या भागात, पाहुण्यांचे व दलालांचे वायफाय तिसऱ्या भागात. एका भागात शिरलेला चोर दुसऱ्या भागात जाऊ नये. मध्यम दर्जाच्या स्विचमध्ये ही सोय असते, पण ती आपणहून होत नाही, मागून करून घ्यावी लागते.

कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली होती.

बाहेरून हिशोब पाहायचा असल्यास उघडी खिडकी ठेवू नये. व्हीपीएन नावाची बंद नळी आणि दुहेरी ओळख, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवर येणारा आकडा, ही दोन्ही करून घ्यावीत. जुने यंत्र तपासावे. विंडोज-७ ची मदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज-१० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. नेटवर्क नवे आणि संगणक असा जुना, हे नव्या दाराला गंजलेले कुलूप लावण्यासारखे आहे.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. यात त्याच्यावर संशय नाही. उद्या काही झाले तर त्याच्यावर आळ येऊ नये, हाही हेतू आहे. आणि “आमचे बँक खाते बदलले आहे” असा मेल आला तर रक्कम पाठवण्यापूर्वी जुन्या ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करावी. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करावी. उशीर जितका, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

नीती : हा माल कोणाचा आहे?

नेटवर्क आपण विकत घेतो म्हणून त्यातील सर्व काही आपले, असा समज होतो. तो बरोबर नाही. आमच्या संगणकात कामगारांची आधार कार्डे आहेत, विणकरांची बँक खाती आहेत, पार्ट्यांचे भाव आहेत, कोणाची किती उधारी थकली हे आहे. ही सर्व दुसऱ्यांची अमानत आहे. आपला हिशोब बुडाला तर नुकसान आपले, पण एखाद्या हमालाच्या आधार कार्डावर कोणी कर्ज उचलले तर ते नुकसान त्याचे, आणि त्याने तर आपल्यावर विश्वास ठेवला होता.

म्हणून जी माहिती लागत नाही ती घेऊच नये. ओळख पटवण्यापुरते शेवटचे चार आकडे दिसणारे झाकलेले आधार पुष्कळ ठिकाणी पुरते. आमच्याकडे सर्वांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये दहा वर्षांची आधार कार्डे पडून होती. त्यातले अनेक जण कधीच गावी परत गेले होते. ती काढून टाकली. उरलेली फक्त पगार पाहणाऱ्या मेहताजींना दिसतात.

कॅमेऱ्यांचेही तारतम्य हवे. मालावर, दारावर, गल्ल्यावर नजर असावी. जेथे माणसे जेवतात, आराम करतात, कपडे बदलतात तेथे कॅमेरा नसावा. ज्यांच्यावर नजर आहे त्यांना ते सांगावे. नव्या राऊटरमध्ये कोण काय पाहतो याची नोंद ठेवता येते. ही नोंद ठेवणार असाल तर तसे सर्वांसमोर सांगा, आणि ती पेढीच्या रक्षणासाठी वापरा, कोणाचे खासगी आयुष्य चाळण्यासाठी नव्हे. मालकाच्या हातात किल्ली आहे म्हणून प्रत्येक पेटी उघडावी असे नाही.

जुनी डिस्क भंगारात विकताना जपावे. फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी होत नाही, फक्त अनुक्रमणिकेतून नाव जाते. डिस्क जाणकाराकडून पूर्ण पुसून किंवा मोडून मगच नोंदणी असलेल्या ई-कचरा संस्थेकडे द्यावी.

कायदाही आता याच दिशेने आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहितीचे योग्य रक्षण न केल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार गंभीर सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आपल्या पेढीला यातले काय लागू होते हे आपल्या सल्लागाराला विचारावे. पण दंड हे कारण नसावे. ज्याची माहिती गेली त्याला लपवून न ठेवता सांगणे, हे कायद्याआधीही आपले कर्तव्य होते. २०१८ च्या प्रसंगात आम्ही हिशोबासाठी सर्वांच्या दारी गेलो, पण तुमची कागदपत्रेही परक्या हाती गेली असतील, हे तेव्हा कोणाला सांगितले नाही. ती आमची चूक होती.

बदल करताना

काम सुट्टीच्या दिवशी करावे आणि जुनी जोडणी नवी दोन आठवडे नीट चालेपर्यंत काढू नये. कोणती वायर कोठून कोठे गेली याचा नकाशा कागदावर घ्यावा, वायरींना चिठ्ठ्या लावून घ्याव्यात. सर्व पासवर्ड मालकाच्या ताब्यात असावेत, बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये नव्हेत. ते लिहून बंद पाकिटात ठेवावेत आणि घरातील आणखी एका जबाबदार माणसाला जागा सांगून ठेवावी. दोन विक्रेत्यांकडून दर मागवावेत आणि दोघांनाही तोच गरजेचा कागद द्यावा. आपला भाचा किंवा मेहुणा हे काम करतो म्हणून त्याला डोळे झाकून देऊ नये, आणि पेढीतील माणसाने विक्रेत्याकडून कमिशन घेऊ नये हे आधीच स्पष्ट करावे. जुन्या मेहताजींना नवे काम शिकवण्यासाठी आठ दिवस राखून ठेवावेत. यंत्र बदलले म्हणून वीस वर्षांचा माणूस निकामी होत नाही.

विक्रेता येईल तेव्हा तो सांगेल की यात अमुक इतकी यंत्रे जोडता येतात. त्याला आपण विचारावे की यातले कोणते यंत्र कोणत्या यंत्रापासून दूर ठेवता येईल. या प्रश्नाचे साध्या भाषेत उत्तर देणाराच कामाचा माणूस समजावा.

असो. आमच्या पेढीत आजही विणकरांच्या वह्या चालू आहेत. संगणकात नोंद झाली की तीच नोंद त्यांच्या वहीत, त्यांच्यासमोर, शाईने केली जाते. नव्या पिढीला हे दुहेरी काम वाटते. त्यांना आम्ही २०१८ चा तो किस्सा सांगतो.